विझवलेल्या चुली: चीनमधील सामूहिक भोजनगृहांचा इतिहास (१९५८ ते १९६१)

राजकीय सत्तेच्या बळावर निर्दोष समाज घडवू पाहणाऱ्या विसाव्या शतकातील प्रयोगांचा अभ्यास करताना इतिहासकारांचे लक्ष प्रथम तुरुंग, श्रमछावण्या आणि राजकीय खटले यांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या प्रयोगात सर्वाधिक माणसे मेली, त्या चीनमधील ‘महाझेप’ मोहिमेतील बहुसंख्य मृत्यू भुकेने झाले, आणि त्या भुकेचा संबंध खेड्यातील स्वयंपाकघराशी होता. महाझेप म्हणजे काही मोजक्या वर्षांत औद्योगिक राष्ट्रांची बरोबरी साधून साम्यवादाच्या अंतिम अवस्थेत पोचण्यासाठी चिनी कम्युनिस्ट पक्षाने १९५८ मध्ये हाती घेतलेली देशव्यापी मोहीम. तिचा एक भाग म्हणून ग्रामीण कुटुंबांच्या चुली बंद करण्यात आल्या आणि कोट्यवधी लोकांचे दोन वेळचे जेवण सामूहिक भोजनगृहांकडे सोपवण्यात आले. जेमतेम तीन वर्षे टिकलेल्या या संस्थेचा उदय, कारभार आणि अस्त पाहिला, तर राज्यसंस्थेने परिपूर्णतेचा ध्यास घेतल्यावर नेमके काय बिघडते, हे मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा अधिक स्पष्टपणे उमगते.

एकत्र शिजवून एकत्र जेवण्याची कल्पना चीनमध्ये केवळ मार्क्सवादासोबत आली, असे म्हणता येत नाही. चिंग राजवटीच्या अखेरच्या काळातील सुधारक विचारवंत कांग यू-वेई यांनी आपल्या ‘दातुंग शू’ या ग्रंथात राष्ट्र, वर्ग, खासगी मालमत्ता आणि कुटुंब यांच्या सीमा पुसून टाकलेल्या विश्वसमाजाचे चित्र रेखाटले होते, आणि त्या समाजात मुलांचे संगोपन, वृद्धांची काळजी व भोजन या सर्व गोष्टी सार्वजनिक संस्थांनी सांभाळायच्या होत्या. चिनी कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्ष माओ त्से-तुंग यांनी १९४९ मधील एका लेखात कांग यांचा उल्लेख करून असे म्हटले होते, की त्यांनी ग्रंथ लिहिला, परंतु तिथवर पोचण्याचा मार्ग त्यांना सापडला नाही. तो मार्ग आपल्याला सापडला आहे, हा दावा त्या विधानात अनुस्यूत होता. पुढे डिसेंबर १९५८ मध्ये माओंनी हान काळाच्या अखेरीस हानचुंग प्रदेशावर राज्य करणाऱ्या झांग लू या धर्मप्रमुखाचे प्राचीन चरित्र पक्षनेत्यांना वाचायला वाटले, कारण झांग लू याच्या पंथाने वाटसरूंसाठी मोफत अन्नाच्या धर्मशाळा चालवल्या होत्या. तथापि अशा धर्मशाळेत वाटसरू आपल्या इच्छेने येत आणि जात असे. १९५८ च्या भोजनगृहात जेवणाऱ्याला दुसरीकडे जाण्याची सोय उरली नाही, आणि पुढील सर्व इतिहास या एका फरकातून उलगडतो.

त्या फरकाची पूर्वतयारी काही वर्षे आधीपासून झाली होती. क्रांतीनंतरच्या जमीन सुधारणेत भूमिहीनांना मिळालेली जमीन प्रथम परस्पर-साहाय्य गटांत, मग छोट्या सहकारी संस्थांत आणि १९५६ पर्यंत सामूहिक मालकीच्या मोठ्या संस्थांत विलीन झाली. १९५३ च्या अखेरीस धान्याचा खुला व्यापार बंद होऊन सरकारने ठरलेल्या भावात सक्तीची खरेदी सुरू केली. महाराष्ट्रातील शेतकरी ज्या धान्यवसुलीला ‘लेव्ही’ म्हणून ओळखत, तिचे हे कितीतरी कठोर रूप होते. जानेवारी १९५८ मध्ये कुटुंबनोंदणीचे नियम कायद्याने पक्के झाले, आणि खेड्यातील माणसाला परवानगीशिवाय शहरात जाऊन राहणे अशक्य झाले. दरम्यान १९५७ च्या ‘उजव्या विचारांविरुद्धच्या मोहिमे’त साडेपाच लाखांवर लोकांवर पक्षद्रोहाचा शिक्का बसला होता, आणि त्यांत प्राध्यापक, पत्रकार, अभियंते व संख्याशास्त्रज्ञ मोठ्या संख्येने होते. अशा रीतीने प्रयोग सुरू होण्यापूर्वीच शेतकऱ्याची जमीन, धान्याचा बाजार आणि स्थलांतराची वाट बंद झाली होती, आणि चूक दाखवू शकणारी माणसेही गप्प झाली होती.

एप्रिल १९५८ मध्ये हेनान प्रांतातील सुइपिंग जिल्ह्यात चायाशान येथे २७ सहकारी संस्थांतील नऊ हजारांवर कुटुंबे एकत्र आणून एक प्रचंड संस्था स्थापन करण्यात आली आणि सोव्हिएत उपग्रहाच्या गौरवार्थ तिचे नाव ‘स्पुटनिक’ ठेवण्यात आले. शेती, कारखाने, शाळा, दवाखाना, लोकसेना आणि स्थानिक प्रशासन हे सर्व एकाच छत्राखाली आणणारी ही संस्था, म्हणजेच ‘जनता कम्यून’, पुढे साऱ्या देशासाठी नमुना ठरली. ऑगस्टच्या आरंभी माओंनी हेबेई प्रांतातील शुश्वी जिल्ह्याला भेट दिली, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी अपेक्षित पिकाचे जे आकडे सांगितले, ते ऐकून एवढे धान्य खाणार तरी कसे, असा प्रश्न त्यांनी विचारला आणि दिवसातून पाच वेळा जेवायला हरकत नाही असेही सुचवले. महिनाअखेरीस बैदाइहे येथील बैठकीत कम्यूनांचा ठराव संमत झाला आणि चीनमध्ये साम्यवाद आता फार दूर राहिलेला नाही, अशी ग्वाही त्यात देण्यात आली. ऑक्टोबर संपेपर्यंत सुमारे सात लाख चाळीस हजार सहकारी संस्थांच्या जागी २६ हजारांहून अधिक कम्यून उभे राहिले होते आणि जवळजवळ सगळी ग्रामीण कुटुंबे त्यांत सामावली गेली होती.

या कम्यूनांमधील भोजनगृहांमागे केवळ भाबडा आदर्शवाद होता असे मानणे अपुरे ठरेल. पाटबंधाऱ्यांची कामे, पोलादाच्या भट्ट्या आणि शेती या तिन्ही आघाड्यांवर एकाच वेळी मनुष्यबळ हवे होते, आणि चूल, दळणकांडण व मुले यांत अडकलेल्या स्त्रियांचे श्रम मोकळे केल्याशिवाय ते मिळणार नव्हते. स्त्रियांच्या दृष्टीनेही घरकामाच्या जाचातून सुटका हे आश्वासन पोकळ नव्हते. पाळणाघरे आणि वृद्धाश्रम यांच्या जोडीने भोजनगृहाचे अनेकींनी मनापासून स्वागत केले. १९५८ च्या शरद ऋतूत पीक खरोखरच चांगले होते, जेवण फुकट होते आणि पोटभर खाण्याचे आवाहन खुद्द पक्षच करीत होता, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या धान्य मोजून शिजवणारी खेडी काही आठवडे मनसोक्त जेवली. मात्र याच काळात घरांतील धान्याच्या कणग्या कम्यूनच्या कोठारात रिकाम्या करण्यात आल्या, कोंबड्या व डुकरे सामूहिक झाली, आणि लोखंडी कढया पोलादनिर्मितीसाठी भट्टीत गेल्या. घरी स्वयंपाक करण्यास ठिकठिकाणी मनाई झाली आणि ज्या घराच्या धुराड्यातून धूर निघेल त्या घराची झडती होऊ लागली.

चुलीबरोबर जे गेले ते केवळ स्वयंपाकाचे ठिकाण नव्हते. कोणत्याही कृषिप्रधान समाजात धान्याचा साठा, येत्या कापणीपर्यंतचे दिवस आणि घरातील खाणारी तोंडे यांचा हिशेब घरची बाई रोज करीत असते, आणि तो प्रत्येक घरात स्वतंत्रपणे होत असल्यामुळे एका घराची चूक साऱ्या गावाला बुडवत नाही. भोजनगृहाने हे कोट्यवधी छोटे हिशेब मिटवून त्यांच्या जागी एकच हिशेब आणला, आणि तो करणारा पक्षाचा कार्यकर्ता धान्याच्या साठ्यापेक्षा वरिष्ठांच्या अपेक्षेकडे पाहून आकडे मांडत होता. जीन चांग आणि ग्वानचुंग वेन या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये असे प्रतिपादन केले, की दुष्काळाची सुरुवात पीक बुडण्यापूर्वीच, भोजनगृहांतील बेहिशेबी खर्चामुळे झाली. हे मत सर्वांना मान्य नसले, तरी चांगले पीक आलेल्या १९५८ नंतर लगेचच, १९५९ च्या वसंतात, अनेक प्रांतांत उपासमार दिसू लागली या वस्तुस्थितीचा उलगडा त्यातून बऱ्याच अंशी होतो. त्यात भर अशी, की वर्षभरात पोलादाचे उत्पादन दुप्पट करून १ कोटी ७ लाख टनांवर नेण्याच्या मोहिमेत सुमारे ९ कोटी लोक गुंतले होते, आणि हातांअभावी उभे पीक कित्येक ठिकाणी शेतातच कुजले.

हिशेब कसा बिघडला हे समजण्यासाठी त्या वर्षीच्या विक्रमी उत्पादनाच्या बातम्या पाहिल्या पाहिजेत. जूनमध्ये चायाशान येथे एका मू क्षेत्रात, म्हणजे सुमारे साडेसहा गुंठ्यांत, २,१०५ जिन गहू पिकल्याचे जाहीर झाले. जिन म्हणजे अर्धा किलो, तेव्हा हा आकडा साडेदहा क्विंटल होतो. सप्टेंबरमध्ये ग्वांगशी प्रांतातील ह्वानच्यांग जिल्ह्याने तेवढ्याच क्षेत्रात १,३०,४३४ जिन, म्हणजे सुमारे ६५० क्विंटल भात पिकवल्याचा दावा केला. अनेक शेतांतील पक्व भात उपटून एकाच शेतात दाटीने लावायचा आणि ते शेत पाहुण्यांना दाखवायचे, अशी ही युक्ती होती. अग्निबाणशास्त्रज्ञ च्येन श्वे-सेन यांनी सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेचा हिशेब मांडून शेतीचे उत्पन्न कितीतरी पटींनी वाढू शकते असा लेख जूनमध्ये लिहिला होता, आणि त्यामुळे अशा दाव्यांना विज्ञानाचा आधारही मिळाला. एका जिल्ह्याने मोठा आकडा सांगितला की शेजारच्या जिल्ह्याला त्याहून मोठा सांगणे भाग पडे, कारण कमी आकडा सांगणे हे कमी निष्ठेचे लक्षण ठरत असे. परिणामी १९५८ चे धान्योत्पादन ३७.५ कोटी टन म्हणून जाहीर झाले, जे नंतरच्या सरकारी आकडेवारीनुसार २० कोटी टनांच्या आसपास होते. धान्य अतोनात झाल्याच्या समजुतीने पुढील वर्षी पेरणीचे क्षेत्रच कमी करण्यात आले.

कागदावरच्या या धान्यावर वसुली मात्र प्रत्यक्ष होत होती. १९५९ मध्ये उत्पादन १७ कोटी टनांवर घसरले असताना सरकारने सुमारे ६.७ कोटी टन धान्य उचलले, आणि त्यातील काही भाग पुढे खेड्यांना परत विकला गेला असला, तरी उरलेल्या धान्यात खेडी जगणे शक्य नव्हते. त्याच वर्षी यंत्रसामग्रीच्या आयातीची किंमत चुकवण्यासाठी आणि परदेशात प्रतिष्ठा राखण्यासाठी ४० लाख टनांहून अधिक धान्य निर्यात झाले.

हे सावरण्याची एक संधी १९५९ च्या उन्हाळ्यात आली होती. वसंतातील उपासमारीनंतर काही ठिकाणी भोजनगृहे ऐच्छिक करण्याची मुभा मिळाली होती, आणि जुलैमध्ये आन्हुई प्रांताच्या सचिवमंडळातील झांग काईफान यांनी आपल्या मूळ गावाकडच्या वूवेई जिल्ह्यात जाऊन परिस्थिती पाहिल्यावर तेथील भोजनगृहे बंद करून लोकांना धान्य घरी नेऊन शिजवू दिले. त्याच महिन्यात लुशान पर्वतावरील बैठकीत संरक्षणमंत्री पेंग द-ह्वाय यांनी माओंना खासगी पत्र लिहून फुगवलेले आकडे आणि अतिउत्साहाचे दुष्परिणाम संयत शब्दांत मांडले. माओंनी हे पत्र पक्षावरील हल्ला ठरवले, पेंग यांचे मंत्रिपद गेले, त्यांच्या जागी लिन प्याव आले आणि देशभर ‘उजव्या संधिसाधूंविरुद्ध’ नवी मोहीम सुरू झाली. झांग काईफान यांच्यावर माओंनी स्वतः टीका केली; त्यांना पदावरून दूर करून स्थानबद्ध करण्यात आले, वूवेईमधील हजारो लोक या प्रकरणात भरडले गेले आणि भोजनगृहे पुन्हा सुरू झाली. लुशाननंतर भोजनगृह ही सोय राहिली नाही, ती निष्ठेची कसोटी झाली. मार्च १९६० मध्ये ग्वेइचौ प्रांतातील भोजनगृहांचा अहवाल माओंनी अनुकरणीय म्हणून गौरवला, तेव्हा त्या प्रांतात दुष्काळ तीव्र झालेला होता.

हेनानमधील शिनयांग विभागात या कसोटीचे पर्यवसान कशात झाले, हे नंतरच्या चौकशांमधून उघड झाले. या विभागातील ग्वांगशान जिल्ह्यात १९५९ मध्ये सुमारे ८८ हजार टन धान्य पिकले असताना २ लाख ३९ हजार टन पिकल्याचे कळवण्यात आले आणि त्या मानाने वसुली ठरवली गेली. ती पुरी होईना, तेव्हा शेतकऱ्यांनी धान्य लपवले असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला, कारण आकडा खोटा असण्याची शक्यता कोणीच बोलून दाखवू शकत नव्हते. लपवलेले धान्य बाहेर काढण्यासाठी घरांच्या झडत्या, मारहाण आणि छळ सुरू झाला. गावाबाहेर जाणाऱ्यांना रस्त्यांवर अडवले गेले आणि मदत मागणारी पत्रे टपालातच रोखली गेली. सुमारे ८० लाख लोकवस्तीच्या या विभागात किमान १० लाख माणसे मेली, आणि त्या काळात सरकारी कोठारांत धान्य शिल्लक होते.

अशा वेळी भोजनगृहाचा डाव हे गावातील सर्वांत भीतिदायक हत्यार बनले. कामावर न आलेल्याचे, उलट बोलणाऱ्याचे किंवा आजारी पडलेल्याचे जेवण तोडणे ही शिक्षा होती, आणि ती देण्यासाठी न्यायालयाची वा पोलिसांची गरज नव्हती. पातळ पेजेतील शिते कोणाच्या वाडग्यात पडतील, हे वाढणारा ठरवत असे, आणि कार्यकर्त्यांचे कुटुंबीय उपाशी राहिल्याची उदाहरणे विरळ होती. धान्य संपत आले तशी तांदूळ दोनदा वाफवून फुगवण्याच्या रीतीची शिफारस झाली, पिकांची ताटे, झाडांच्या साली आणि शेवाळ यांपासून ‘पर्यायी अन्न’ तयार करण्याची मोहीम निघाली, आणि अंगावर सूज येणे हा खेड्यांतला सार्वत्रिक आजार झाला. १९५९ च्या अखेरीस सुमारे ४० कोटी लोक भोजनगृहांत जेवत होते. हेनान, सिचुआन, ग्वेइचौ यांसारख्या प्रांतांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होते, तर ईशान्येकडील लिआओनिंग व हेइलुंगच्यांग प्रांतांत ते तीस टक्क्यांच्या आत होते. राज्यशास्त्रज्ञ दाली यांग यांनी दाखवल्याप्रमाणे काही अपवाद वगळता जेथे भोजनगृहांचा प्रसार अधिक, तेथे मृत्यूही अधिक झाले.

एकूण मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. शिनह्वा या सरकारी वृत्तसंस्थेतील ज्येष्ठ पत्रकार यांग ची-शेंग यांनी प्रांतोप्रांतीचे दप्तर तपासून ३ कोटी ६० लाखांचा अंदाज मांडला. त्यांचे पालक वडील १९५९ मध्ये उपासमारीने गेले होते. ‘मुबेई’, म्हणजे थडग्यावरचा दगड, या नावाचा त्यांचा ग्रंथ २००८ मध्ये हाँगकाँगमध्ये प्रसिद्ध झाला आणि चीनच्या मुख्य भूमीवर त्याला बंदी आहे.

भोजनगृहांचा शेवट कोणत्याही सैद्धांतिक वादाने झाला नाही. १९६१ च्या वसंतात माओंच्या सूचनेनुसारच पक्षनेते खेड्यांत पाहणीसाठी गेले, आणि त्यांना जे ऐकायला मिळाले ते सर्वत्र सारखेच होते. माओंचे सचिव हू च्याव-मू यांनी खुद्द माओंच्या जन्मगावाजवळ, हुनानमधील शाओशान परिसरात पाहणी करून भोजनगृहे बंद करण्याची लोकांची इच्छा एप्रिलमध्ये कळवली; राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओ-ची हुनानमधील आपल्या गावी गेले, तेव्हा शेतकऱ्यांनी भोजनगृहांविषयीचा राग त्यांच्यासमोर व्यक्त केला; आणि पंतप्रधान चाउ एन-लाय यांनी मे महिन्यात हेबेईमधील बोयान कम्यूनमधून, लोकांना घरी जेवायचे आहे, असा निरोप माओंना दिला. जूनमध्ये कम्यूनच्या नियमावलीत दुरुस्ती होऊन भोजनगृह चालवायचे की नाही हे सदस्यांवर सोपवण्यात आले, आणि भोजनगृहे पाहता पाहता बंद झाली. तीन वर्षे लक्षावधी कार्यकर्त्यांना न दिसलेली गोष्ट काही आठवड्यांच्या पाहणीत दिसली, कारण यावेळी वाईट बातमी सांगणाऱ्याला शिक्षा होणार नव्हती.

याच निकषावर महाराष्ट्रातील १९७२-७३ च्या दुष्काळाची तुलना उद्‌बोधक ठरते. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन आणि जाँ द्रेझ यांनी भूक आणि सार्वजनिक कृती यांच्या अभ्यासात या दुष्काळाचा सविस्तर विचार केला आहे. त्या वर्षी राज्यातील धान्योत्पादन भयंकर घटले, तरी वृत्तपत्रे, विधिमंडळ, विरोधी पक्ष आणि मोर्चे यांच्या दबावाखाली सरकारला दुष्काळी कामे वाढवावी लागली, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध अशा कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना याच अनुभवाने बळकट झाली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. त्या कामांवर भ्रष्टाचार, हाल आणि दिरंगाई होती, परंतु त्या दोषांची ओरड करणे देशद्रोह नव्हते. सेन यांनी त्याच वेळी हेही बजावले आहे, की दुष्काळबळी टाळणारी भारतीय लोकशाही रोजच्या कुपोषणाबाबत मात्र फारशी हललेली नाही. म्हणजे सदोष व्यवस्थेतही चूक दुरुस्त होते ती ज्या प्रमाणात ती दृष्टीस पडते त्या प्रमाणातच.

चीनमधील प्रयोगाकडे वळून पाहता त्यातून समता, स्त्रियांची मुक्ती किंवा सामुदायिक जीवन ही ध्येये खोटी ठरतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. १९४९ पूर्वीच्या चीनमधील भूक आणि विषमता खरी होती, आणि ती दूर करण्याची तळमळही अनेकांच्या ठायी खरी होती. धोका ध्येयाला ‘अंतिम’ मानण्यात होता. अंतिम सत्य गाठल्याचा दावा करणाऱ्या सत्तेला अपयशाचे कारण योजनेत शोधता येत नाही, म्हणून ती ते माणसांत शोधते. धान्य नाही याचा अर्थ तिच्या लेखी धान्य लपवले आहे एवढाच उरतो. शिवाय परिपूर्ण समाजाला पर्यायांची गरज नसते, म्हणून अशी सत्ता जुनी साधने जपून ठेवत नाही, आणि योजना फसली तर परतण्याची वाटही राहत नाही. जानेवारी १९६२ मध्ये सात हजार कार्यकर्त्यांच्या परिषदेत ल्यू शाओ-ची यांनी या आपत्तीचा तीन दशांश भाग निसर्गाचा आणि सात दशांश माणसांचा असल्याचे शेतकऱ्यांच्या तोंडचे मत मांडले. भोजनगृहे त्याआधीच बंद झाली होती, पण सत्य बोलणाऱ्याला शत्रू ठरवण्याची रीत कायम राहिली. माओंनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत ल्यू शाओ-ची १९६९ मध्ये कैदेत मरण पावले आणि पेंग द-ह्वाय यांचाही १९७४ मध्ये तशाच अवस्थेत अंत झाला. कम्यूनची शेती मोडून कुटुंबांना जमीन कसायला देण्यास १९७८ च्या अखेरीस सुरुवात झाली, तीही आन्हुईमधील श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी गुप्तपणे केलेल्या करारातून. चुली तीन वर्षांत पुन्हा पेटल्या. परंतु त्या विझवण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न विचारण्याची मुभा मात्र तेथील समाजाला त्यानंतरही मिळाली नाही, आणि म्हणून या इतिहासाचा धडा भुकेइतकाच मौनाविषयीचाही आहे.